महापालिकेचं टेंडर पहिल्यांदा भरताना

महापालिकेला शाळेचे बाक विकायचे असोत, रस्त्यावरचे दिवे पुरवायचे असोत की एखाद्या प्रभागात फुटपाथचे ब्लॉक बसवायचे असोत, टेंडर भरल्याशिवाय गत्यंतर नाही. नवखा माणूस मात्र बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, 'दर काय टाकू?' दर सगळ्यात शेवटी ठरवायचा. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या: अटींत आपण बसतो का, आणि बिल हातात पडेपर्यंत आपला खिसा तग धरेल का. मी छोट्या पुरवठादारांना टेंडरं भरून देण्याचं काम करतो. दरामुळे हुकलेल्या टेंडरांपेक्षा कागदांवरून बाद झालेली टेंडरंच मी जास्त पाहिली आहेत.

इथलं सगळं महाराष्ट्रातल्या महापालिकांना धरून आहे. मुंबईचा कारभार १८८८ च्या स्वतंत्र कायद्यानं चालतो, बाकीच्यांचा १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानं. नगरपालिकांना १९६५ चा कायदा लागू आहे. तपशील बदलतात, पण निविदेचा सांगाडा सगळीकडे तोच.

जाहिरात निघण्याआधी

टेंडर पोर्टलवर दिसतं तेव्हा त्याची फाईल आत बरीच फिरून आलेली असते. एखादं खातं मागणी करतं. कनिष्ठ अभियंता किंवा भांडार विभाग त्या कामाच्या खर्चाचं अंदाजपत्रक तयार करतो. बजेटमध्ये कुठल्या लेखाशीर्षावर, म्हणजे खर्चाच्या कुठल्या सदराखाली, तरतूद आहे, हे लेखा विभाग बघतो. मग प्रशासकीय मान्यता, आणि बांधकामाचं काम असेल तर तांत्रिक मान्यता. कामांचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून घेतात. दरसूचीत नसलेल्या वस्तूंसाठी बाजारातून कोटेशनं मागवतात. असं कोटेशन तुमच्याकडे कुणी मागितलं तर खरा दर द्या. तुमच्या फुगवलेल्या आकड्यावर अंदाजपत्रक बनलं, तर त्याचा फायदा तुमच्याआधी दुसराच घेऊन जातो.

नवख्यानं यातली एक गोष्ट जरूर बघावी: तरतूद. काही कामांची मंजुरी असते, पण लेखाशीर्षात पैसे जेमतेम असतात. अशा कामाचं बिल पुढच्या आर्थिक वर्षात ढकललं जातं. निविदेत किंवा कार्यादेशात, म्हणजे काम सुरू करण्याच्या लेखी आदेशात, लेखाशीर्ष लिहिलेलं असतं. महापालिकेचं अंदाजपत्रक, म्हणजे वार्षिक बजेट, संकेतस्थळावर असतं. ते उघडून त्या शीर्षाखाली किती रक्कम आहे, हे बघायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणी देत नाही.

ठराविक रकमेच्या वरच्या करारांना स्थायी समितीची मान्यता लागते. १९४९ च्या कायद्याखाली ही समिती सोळा सदस्यांची. नगरसेवक नसतील तेव्हा तिचे अधिकार प्रशासकाकडे जातात. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक महापालिकांनी असे दिवस पाहिले.

पुण्याकडच्या बातम्यांत '६७-३-क' आणि '५-२-२' हे आकडे वरचेवर येतात. पहिलं आहे तातडीच्या परिस्थितीत आयुक्तांनी लगेच काम करून घेण्याचं कलम. दुसरा आहे कारणं नोंदवून निविदेशिवाय करार करण्याची मुभा देणारा नियम. दोन्ही कायद्यात आहेत, पूर, साथ, पडझड अशा वेळी त्यांची गरजही असते. पण बाहेरच्या नव्या माणसानं त्यांच्या नादी लागू नये. लेखापरीक्षणाचे आक्षेप अशा कामांवर सर्वांत आधी निघतात, आणि आक्षेप निघाला की बिल अडकतं ते पुरवठादाराचं.

लहान खरेदी तीन कोटेशनांवर होते. कुठल्या रकमेपासून ई-निविदा सक्तीची, हे शासन निर्णयानं ठरतं आणि ती मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून चालू शासन निर्णय बघूनच बोलावं. मर्यादेखाली बसवण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडणं नियमबाह्य आहे. तरी तुकडे पडतात. त्यातला एखादा तुकडा तुमच्या पदरात टाकायचं आमिष आलं, तर सही करण्यापूर्वी शेजारचे तुकडे कुणाकडे गेले ते बघा.

पोर्टलवर नुसतं बघत राहा

महाराष्ट्रातली बहुतेक टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर येतात. हे पोर्टल एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेनं बनवलेल्या प्रणालीवर चालतं. कागद, खुर्च्या, संगणक, प्रिंटर अशा बाजारात तयार मिळणाऱ्या वस्तू 'जेम' या केंद्राच्या खरेदी संकेतस्थळावरूनही घेतल्या जातात. ते २०१६ मध्ये सुरू झालं आणि तिथली नोंदणी वेगळी करावी लागते.

नोंदणी करण्याआधी थोडे दिवस नुसतं बघा. लॉगिन न करताही महाटेंडर्सवर संस्थेच्या नावानं चालू टेंडरं दिसतात, आणि जुन्या टेंडरांची स्थितीही. तुमच्या मालाची, तुमच्या शहरातली, उघडून झालेली टेंडरं शोधा. किती जणांनी भरलं, तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे कागदपत्रांच्या छाननीत, कोण बाद झालं, कुणाचा दर किती होता, हे सगळं तिथे दिसतं. चार-पाच निकाल शेजारी शेजारी ठेवले की त्या खात्यात कोण नेहमी येतं, दर कुठे घुटमळतो, याचा अंदाज येतो. दराचा यापेक्षा चांगला अभ्यास दुसरा नाही, आणि तो फुकट आहे.

भरायचं ठरलं की तिसऱ्या वर्गाची डिजिटल सही घ्या. सही करणारं आणि कूटबद्ध करणारं अशी दोन्ही प्रमाणपत्रं त्यात हवीत. ती पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये येते. हे टोकन आणि त्याचा पासवर्ड तुमच्याच ताब्यात ठेवा. आमच्यासारखे टेंडर भरून देणारे लोक 'राहू द्या आमच्याकडे, सोयीचं पडतं' म्हणतात. सोयीचं आमच्या पडतं. त्या सहीनं जे काही दाखल होईल त्याला जबाबदार तुम्ही.

निविदा वाचायची कशी

शंभर पानांची निविदा पहिल्या पानापासून वाचत बसलात तर मुद्द्याच्या अटी दुर्लक्षित होतील. आधी पात्रतेच्या अटी वाचा. तिथेच अडलात तर पुढचं वाचायची गरज नाही.

कामांच्या निविदांत साधारण असं असतं: गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक 'सारखं' काम केलेलं असावं. 'सारखं' म्हणजे काय, याची व्याख्या निविदेतच असते, ती शब्दशः वाचा. खासगी सोसायटीचं काम चालतं का, उपठेकेदार म्हणून केलेलं चालतं का, हे तिथेच कळतं. सरासरी उलाढालीची अट वेगळी. त्याशिवाय निविदा क्षमता, म्हणजे तुम्हाला आणखी किती रकमेचं काम झेपेल, ते काढतात. तिचं सूत्र बहुधा असं असतं: गेल्या पाच वर्षांतली एका वर्षाची सर्वाधिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले दोन, वजा हातातली कामं. उलाढाल ६० लाख, मुदत सहा महिने आणि हातात २० लाखांचं काम असेल, तर ६० गुणिले ०.५ गुणिले २, म्हणजे ६०. त्यातून २० गेले, उरले ४० लाख. पन्नास लाखांचं टेंडर भरून उपयोग नाही.

पुरवठ्याच्या निविदेत विनिर्देश, म्हणजे मालाचं तांत्रिक वर्णन, आणि पुरवठ्याची जागा या दोन ठिकाणी पैसे बुडतात. शाळेच्या बाकांचंच घ्या. चौकोनी पाइप किती गेजचा, प्लाय किती मिलिमीटरचा, रंग पावडर कोटिंगचा की साधा, नमुना आधी जमा करायचा का, चाचणी अहवाल कुठल्या प्रयोगशाळेचा, हे सगळे वाचतात. 'शाळा स्तरावर पोहोच' हे दोन शब्द मात्र नजरेतून सुटतात. त्यांचा अर्थ असा, की दोनशे बाक भांडारात उतरवून मोकळं होता येत नाही. ते चौदा शाळांत न्यायचे, काही ठिकाणी तिसऱ्या मजल्यावर चढवायचे, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यायची. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असतात आणि पुरवठ्याची मुदत चालू असते. उशीर झाला तर दंड. हा सगळा खर्च दरात धरायचा असतो.

काही खटकलं तर निविदापूर्व बैठकीत विचारा, तेही लेखी. तोंडी 'हो हो, चालेल' याला काही किंमत नाही. उत्तर शुद्धिपत्रक म्हणून पोर्टलवर चढलं तरच ते निविदेचा भाग होतं. शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत निघतात. कधी मुदतवाढ, कधी दरपत्रकाची फाईलच बदललेली. जुन्या फाईलमध्ये दर भरून बसलेला माणूस तिथे घसरतो.

एखादी अट कुणाच्या तरी अंगाच्या मापाची शिवलेली आहे असं वाटलं, उदाहरणार्थ एकाच कंपनीच्या यंत्रात असणारं वैशिष्ट्य, तर आक्षेप मुदतीच्या आत नोंदवा. निकालानंतर त्याला दाद मिळणं कठीण. टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये सांगितलंय की न्यायालय निविदेच्या निर्णयावर अपील ऐकल्यासारखं बसत नाही, निर्णय घेण्याची पद्धत मनमानी होती का एवढंच बघतं. तेव्हापासून न्यायालयं बहुधा याच वाटेनं जातात.

लिफाफे, बयाणा आणि शेवटचा दिवस

बहुतेक निविदा दोन लिफाफ्यांच्या असतात, एक तांत्रिक आणि दुसरा वित्तीय. मुंबई महापालिकेत ए, बी, सी अशी तीन पाकिटंही असतात. तांत्रिक लिफाफ्यात जीएसटी, पॅन, विवरणपत्रं, अनुभवाचे दाखले, ताळेबंद, प्रतिज्ञापत्रं. प्रतिज्ञापत्राचा मजकूर निविदेत दिलेला असतो, तो जसाच्या तसा टाइप करा, स्वतःची भाषा वापरू नका. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे लक्षात न घेता जुन्या कागदावर प्रतिज्ञापत्र करून आणणारे अजून भेटतात.

दराचा आकडा तांत्रिक लिफाफ्यात कुठेही दिसता कामा नये. जोडलेल्या कोटेशनवर नाही, पत्रात नाही. दिसला की थेट बाद. दरपत्रक ही पोर्टलवरून उतरवून घेतलेली एक्सेल फाईल असते. ती त्याच नावानं, रचना न बदलता परत चढवायची. एखादी ओळ वाढवली किंवा नाव बदललं तर पोर्टल ती घेत नाही.

बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत ठेवायची अनामत, ऑनलाइन भरतात. नेट बँकिंगनं ती लगेच दिसते. एनईएफटी किंवा आरटीजीएसचं चलान काढलं तर पोर्टलवर दिसायला वेळ लागतो, त्यात शनिवार-रविवार आला तर घोळ, म्हणून दोन कामकाजाचे दिवस हाताशी ठेवा. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राकडची छोट्या उद्योगांची नोंदणी, आहे म्हणून बयाणा माफ असं गृहीत धरू नका. अशी सूट देणारा २०१२ चा केंद्राचा आदेश केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांसाठी आहे. महापालिकेला लागू पडतात ते राज्याचे शासन निर्णय आणि त्या निविदेची अट. सूट निविदेत लिहिलेली असेल तरच घ्या, आणि ती पुरवठ्याला आहे की कामालाही, हेही बघा.

शेवटच्या दिवशी दुपारी पोर्टल जड चालतं. फाईल चढायला वेळ लागतो, टोकन ओळखलं जात नाही, ब्राउझर अडतो. घड्याळ सर्व्हरचं धरतात, तुमच्या भिंतीवरचं नाही. सगळं चढवल्यावर निविदा गोठवण्याचं शेवटचं बटण दाबावं लागतं. ते राहिलं तर निविदा दाखलच झालेली नसते. पोच क्रमांकाचं पान छापून ठेवा.

दर

कामाच्या निविदा बहुधा बी-१ किंवा बी-२ नमुन्यात असतात. बी-१ मध्ये अंदाजपत्रकाच्या तुलनेत एकच टक्केवारी द्यायची, वर किंवा खाली. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर. बाजारात 'बावीस टक्के बिलो गेलं' असं ऐकू येतं ते बी-१ चं.

खूप खाली जायची चढाओढ नव्या माणसाला हुरळून टाकते. अंदाजपत्रकापेक्षा ठराविक टक्क्यांहून, बऱ्याच निविदांत दहा टक्क्यांहून, खाली गेलात तर अतिरिक्त सुरक्षा ठेव भरावी लागते. म्हणजे आधीच कमी घेतलेल्या दरातले पैसे आणखी अडकले. आता हातात येणारा हिशेब बघा. समजा कामाची रक्कम १० लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी, बिल ११ लाख ८० हजार. तुम्ही एकल मालक असाल तर आयकराची कपात १ टक्का, १० हजार. जीएसटीची कपात २ टक्के, २० हजार. अडीच लाखांवरच्या करारांना ती लागते आणि पुढे तुमच्या जीएसटीच्या रोख खात्यात जमा दिसते. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, १० हजार. बिलातून सुरक्षा ठेव ५ टक्के धरली तर ५० हजार. हातात आले १० लाख ९० हजार. त्यातले १ लाख ८० हजार जीएसटीचे, म्हणजे तुमचे नाहीत. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट वजा करून ते सरकारकडे जायचे. खडी, वाळू, मुरूम असेल तर गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, पावत्या हव्यात, नसतील तर तेही कापतात. पन्नास हजारांची ठेव दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामात निघालेले दोष तुम्ही दुरुस्त करून द्यायची मुदत, संपेपर्यंत तिकडेच. हा हिशेब कागदावर मांडून झाला की मगच टक्केवारी ठरवा.

उघडण्यापासून कार्यादेशापर्यंत

लिफाफे एकटा अधिकारी उघडू शकत नाही. नेमलेल्यांपैकी किमान दोघांना आपापल्या डिजिटल सह्या लावाव्या लागतात. तांत्रिक छाननीत छोटी त्रुटी असेल तर पूर्ततेची संधी देतात, मुदत मोजक्या दिवसांची, आणि निरोप पोर्टलवर किंवा मेलवर येतो. मेल बघत राहा. पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर बहुधा मुदतवाढ किंवा फेरनिविदा होते. त्यात चिडण्यासारखं काही नाही.

वित्तीय लिफाफा उघडला की सर्वांत कमी दराचा निविदाकार, बोलीभाषेत एल-वन, ठरतो. तुम्ही एल-वन असलात तरी अजून काहीच मिळालेलं नाही. दर जास्त वाटला तर वाटाघाटीला बोलावतात. मग टिप्पणी, लेखा विभागाचे शेरे, गरज असेल तर स्थायी समिती. नंतर स्वीकृतिपत्र, सुरक्षा ठेव किंवा बँक हमी, मुद्रांक शुल्क भरून करारनामा, आणि शेवटी कार्यादेश. कार्यादेश हातात नसताना, साहेब म्हणाले म्हणून माल टाकू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी टाकतोच.

हरलात तर बयाणा परत येतो, पण का हरलात हे शोधा. तांत्रिक छाननीचा तक्ता पोर्टलवर असतो. जास्त हवं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पहिलं अपील.

'नुसतं नाव लावा'

तीन निविदा लागतात, म्हणून नव्या माणसाला कुणीतरी सांगतं: 'तुम्ही फक्त वरच्या दरानं भरा, पुढचं आम्ही बघतो.' ही सपोर्टची निविदा. ती निरुपद्रवी वाटते, प्रत्यक्षात संगनमतानं बोली लावणं हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असंच संगनमत झाल्याचा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगानं २०१८ मध्ये काढला आणि कंपन्यांना दंड केला. सपोर्टला उभे राहिलेलेही त्यातून सुटले नाहीत. त्यावर काळ्या यादीची टांगती तलवार. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे.

बिल

कामाचं बिल मोजमाप पुस्तिकेवर चालतं. अभियंत्यानं मोजमाप नोंदवलं तर काम झालं, नाही नोंदवलं तर जागेवर काहीही दिसो. झाकली जाणारी कामं, म्हणजे पाया, खडीचा थर, पाइप, ही झाकण्याआधी मोजून घ्या आणि तारखेसह फोटो काढा. पुरवठ्यात हीच जागा पोचपावत्यांची. चौदा शाळांपैकी एका पोचेवर शिक्का नसेल तर पूर्ण बिल थांबतं, चौदावा हिस्सा नाही.

जीएसटीचं इनव्हॉइस कधी काढायचं हे आपल्या सीएशी आधी बोला. बिल टेबलावर पडून आणि कर भरायची तारीख मात्र दारात, अशी कोंडी होते. फेब्रुवारीनंतर लेखा विभागात रीघ लागते, मार्चमध्ये तर फाईल शोधावी लागते. शक्य असेल तर बिल जानेवारीतच घाला. मालाचा किंवा सेवेचा पुरवठा असेल आणि उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं ४५ दिवसांपलीकडच्या विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पहिल्याच वर्षी कुणी महापालिकेविरुद्ध दाद मागायला जात नाही, हेही खरं. निदान स्मरणपत्रांची आवक-जावक क्रमांकासह नोंद ठेवा.

अंतिम बिल निघालं की लगेच पूर्णत्वाचा दाखला मागा. त्यात कामाचं नाव, रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख आणि काम समाधानकारक असल्याचा शेरा, एवढं हवंच, कारण पुढच्या निविदेत हाच अनुभवाचा दाखला लावायचा असतो. अधिकारी बदलून गेले की तो मिळवणं जिकिरीचं होतं. आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. सुरक्षा ठेव आपोआप परत येत नाही, अर्ज करावा लागतो. त्या काळात दुरुस्तीचं पत्र आलं असेल तर दुरुस्ती केल्याची पोच जोडून.